लुटलं की सापडलं? एका क्रियापदाचा तास



आठवी-नववीच्या मुलांना 'अमेरिकेतला काळा माणूस' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं, ते एकदा विचारून बघा. गुंड, रॅपर, बास्केटबॉल खेळाडू, फार तर एखादा राष्ट्राध्यक्ष. यातल्या बहुतेक मुलांनी अशा एकाही माणसाशी दोन शब्द बोललेले नसतात. हे चित्र सिनेमा, व्हिडिओ गेम आणि बातम्यांतून तयार होऊन त्यांच्याकडे आलेलं असतं.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि मंडेला यांचे तक्ते भिंतीवर लावणे. तक्ते जरूर लावा, पण तेवढ्याने फारसं काही बदलत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं त्यांना 'थोर पुरुष' या कप्प्यात टाकतात आणि बाकीचं चित्र तसंच राहतं. ते चित्र कसं घडतं, हे दाखवायला हवं. आणि हे काम भाषेच्या तासाला सगळ्यात चांगलं होतं.

ऑगस्ट 2005 मधलं न्यू ऑर्लीन्स घ्या. कॅटरिना चक्रीवादळानंतर तिथले पूरबांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. शहरातले जवळपास दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, पैसे नव्हते, ते मागे राहिले, आणि त्यातही तेच जास्त. त्या दिवसांत दोन वृत्तसंस्थांचे दोन फोटो प्रसिद्ध झाले. दोन्हींत छातीएवढ्या पाण्यातून खाण्यापिण्याच्या वस्तू घेऊन जाणारी माणसं. एका फोटोत कृष्णवर्णीय तरुण. खालच्या ओळीत त्याने दुकान 'लुटलं' होतं. दुसऱ्यात एक गोरी जोडी. त्यांना पाव आणि शीतपेयं 'सापडली' होती. (जाता जाता मुलांना हेही सांगा, की तिथे वापरलेला इंग्रजी शब्द मुळात आपल्याच 'लूट'वरून गेलेला आहे. कान टवकारतात!)

आता खरा शिकवण्याचा भाग. फोटो दाखवून 'बघा, कसा भेदभाव!' म्हणून मोकळं होऊ नका. पहिल्या वृत्तसंस्थेचं म्हणणं होतं, की छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात जाऊन वस्तू आणताना स्वतः पाहिलं होतं. दुसऱ्या छायाचित्रकाराच्या मते वस्तू पाण्यावर तरंगत बाहेर आल्या होत्या. हेही मुलांपुढे ठेवा. नाहीतर ती 'सगळ्या बातम्या खोट्याच' एवढंच शिकतील, आणि तो आंधळ्या विश्वासाइतकाच आळस आहे. मग विचारा: स्वतः पाहिलं असेल तरी उपाशी माणसाने अन्न घेणं याला दुसरा शब्द नव्हता का? हा शब्द कोणी निवडला? त्या तरुणाला कोणी काही विचारलं का?

एका ओळीने एवढं काय बिघडतं, असं एखादा पालक म्हणेल. एकट्या ओळीने बिघडत नाहीच. पण त्याच आठवड्यात निर्वासितांच्या आसऱ्याच्या जागी खून आणि बलात्कारांचं सत्र चालू आहे, अशा बातम्या जगभर गेल्या. त्यातलं बरंचसं अफवा किंवा अतिरंजित होतं, हे महिनाभरात तिथल्याच वृत्तपत्राने छापलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 1 सप्टेंबरला पायी शहराबाहेर पडणाऱ्या लोकांना शेजारच्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी पुलावर अडवून परत पाठवलं. 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांनी सहा निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले. एक 17 वर्षांचा मुलगा, दुसरे बौद्धिक अपंगत्व असलेले 40 वर्षांचे गृहस्थ. आधी आमच्यावर गोळीबार झाला, असं पोलिसांनी सांगितलं, आणि ते सहज खपलं. कारण तिथे लुटारू मोकाट सुटलेत, हे लोकांच्या मनात आधीच ठसलेलं होतं. पुढे खटला चालला, शिक्षा रद्द झाल्या, आणि शेवटी 2016 मध्ये पाच माजी पोलिसांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. अकरा वर्षं गेली त्यात.

'अमेरिकेचं आपल्या मुलांना काय?' हा प्रश्नही येईल. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांना ती माणसं परकी वाटली नाहीत, तेव्हा तर ना टीव्ही होता ना मोबाइल. आज आपली मुलं ती माणसं रोज पडद्यावर बघतात, म्हणूनच तर हा तास हवा.

तासाला तयारी फार लागत नाही. दोन्ही ओळींचा साधा मराठी अनुवाद फळ्यावर लिहा, माणसं कोण आहेत ते न सांगता. ती कशी दिसत असतील, याबद्दल प्रत्येकाला वहीत चार वाक्यं लिहू द्या. फोटो मागाहून दाखवा. आधी दाखवलेत, तर बाईंना किंवा सरांना काय हवंय ते मुलं बरोब्बर ओळखतात आणि तेवढंच लिहितात.