इभ्रत की इमान?

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रात अद्भुतकथेचा विषय निघाला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने 'ड्रॅगनलान्स' या इंग्रजी कादंबरीमालेतील सोलॅम्नियाच्या नाइटांवर एक छोटा निबंध वाचला. निबंध संपतो न संपतो तोच अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी निकाल देऊन टाकला: चिलखतातले नीतिमान वीर, त्यांचे देव, त्यांची शपथ हा सारा पोरखेळ आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यावर वेळ दवडू नये. सभागृहात हशा झाला. विद्यार्थी खाली बसला. आम्ही दोघेही तेथे होतो आणि गप्प राहिलो, हे प्रथम नमूद केले पाहिजे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मौनाचे उशिराने केलेले परिमार्जन आहे.

ज्यांना ही कादंबरीमाला ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन या लेखकद्वयाची पहिली कादंबरी १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली; पुढचे दोन भाग १९८५ साली आले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी रचलेल्या साहसकथांबरोबर या कादंबऱ्या जन्मल्या. क्रिन नावाच्या काल्पनिक जगात त्या घडतात, आणि सोलॅम्नियाचे नाइट हा त्या जगातील धर्मयोद्ध्यांचा एक प्राचीन पंथ आहे. मुकुट, खड्ग आणि गुलाब अशा त्याच्या तीन शाखा असून हबाकुक, किरी-जोलिथ आणि पॅलाडाइन हे अनुक्रमे त्यांचे देव. पंथाच्या श्रद्धेचे दोन आधार आहेत. एक शपथ, जी एका वाक्याची आहे आणि 'ऑनर' हेच जीवन असे सांगते. दुसरा आधार म्हणजे मापदंड: आचारनियमांचा ३७ खंडांचा ग्रंथसंभार. एका वाक्याची शपथ आणि सदतीस खंडांचे नियम! या विषम प्रमाणातच या पंथाची शोकांतिका दडलेली आहे, आणि ती लेखकांना पुरेपूर ठाऊक आहे. आमच्या समीक्षकांना ती दिसली नाही, कारण त्यांनी पुस्तक उघडलेलेच नव्हते.

आता या शपथेचे मराठी भाषांतर करून पाहावे. 'ऑनर' या शब्दासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. मान, प्रतिष्ठा, अब्रू, इभ्रत हे सगळे हाताशी आहेत. पण या चारही शब्दांचे वास्तव्य दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. अब्रू जाते ती चारचौघांत. इभ्रत धुळीला मिळते ती गावात. कोणी पाहतच नसेल तर इभ्रतीला काही अर्थ उरत नाही. याच्या उलट 'इमान' हा शब्द आहे. मुळात अरबीतून आलेला, श्रद्धा असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत रुळता रुळता दिल्या शब्दाला जागणे या अर्थाला येऊन पोहोचला. इमान राखायला साक्षीदार लागत नाही. श्रद्धा आणि सचोटी एकाच शब्दात सामावलेली असल्यामुळे धर्मयोद्ध्यांच्या पंथाला याहून चपखल शब्द सापडणे कठीण. तेव्हा प्रश्न असा: 'माझी इभ्रत हेच माझे जीवन' आणि 'माझे इमान हेच माझे जीवन' यांपैकी सोलॅम्नियाची शपथ कोणती? इंग्रजी शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन गप्प बसतो. मराठी वाचकाला मात्र निवड करावीच लागते. आमचे म्हणणे असे की कादंबरीमालाही नेमकी हीच निवड करायला लावते आणि तिच्या दृष्टीने इभ्रत हा अर्थ म्हणजे पंथाचा अधःपात होय.

पुरावा पंथाच्या उगमापासून सुरू होतो. संस्थापक विनास सोलॅम्नस हा अरगॉथच्या सम्राटाचा सेनापती. बंड मोडायला त्याला पाठवले जाते. तेथे गेल्यावर बंडखोरांची बाजू न्याय्य असल्याचे त्याला कळते आणि तो स्वतःच त्यांच्या बाजूला जाऊन सम्राटाविरुद्ध उभा राहतो. सम्राटाच्या दरबारात त्या दिवशी त्याच्या इभ्रतीचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको. ज्या पंथाचा पाया आज्ञाभंगाने घातला, त्याच पंथात पुढे आज्ञापालनाचे खंडच्या खंड रचले जावेत, ही विसंगती अनवधानाने आलेली नाही.

इतिहासात याला दाखला आहे. टेम्पलर नाइटांच्या पंथाला ११२९ साली ट्र्वाच्या धर्मसभेत नियमावली मिळाली, तेव्हा तिच्यात ७२ कलमे होती. पुढे फ्रेंच भाषेतील नियमावली सहाशे कलमांच्या वर गेली: कोणी किती घोडे ठेवावेत, जेवताना कसे बसावे, कोणत्या चुकीला कोणते प्रायश्चित्त. क्लेअरव्होच्या बर्नार्डसारख्या साधूने ज्यांच्या नव्या वीरव्रताची स्तुती लिहिली, तो पंथ १३०७ साली फ्रान्सच्या राजाने एका दिवसात धरपकड करून मोडकळीस आणला, १३१२ साली पोपने विसर्जित केला आणि १३१४ साली त्याचा शेवटचा प्रमुख जाक द मोले याला जिवंत जाळण्यात आले. सहाशे कलमांनी त्यांना वाचवले नाही. पण एक गोष्ट विसरता येत नाही: छळाखाली दिलेली कबुली मोलेने अखेरीस जाहीरपणे नाकारली, आणि त्यापायीच तो चितेवर गेला. ते धैर्य कोणत्या कलमात लिहिलेले होते?

आता कादंबरीच्या गाभ्याकडे येऊ. स्टर्म ब्राइटब्लेड हा कथेतील आदर्श नाइट. वडिलांचे जुने चिलखत अंगावर, वडिलांची तलवार कमरेला, तोंडी शपथ आणि मापदंड. आणि मग 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट' या दुसऱ्या भागात उघड होते की हा गृहस्थ नाइट नाहीच. त्याला पंथात रीतसर प्रवेश मिळालेलाच नाही. इतकी वर्षे सोबत्यांना तो खोटे सांगत आला. ज्यांना ही कथा पोरकट वाटते त्यांनी येथे क्षणभर थांबावे. इमानाचा मूर्तिमंत पुतळा म्हणून उभा केलेला माणूस एका असत्यावर जगत आहे. त्याच्यासमोर डेरेक क्राउनगार्ड आहे: अस्सल नाइट, उच्च कुळाचा, मापदंड मुखोद्गत असलेला. तो स्टर्मवर भ्याडपणाचा आणि आज्ञाभंगाचा आरोप ठेवतो. चौकशी बसते. ज्येष्ठ नाइट गुंथर स्वतःच्या शब्दावर स्टर्मचा जामीन घेतो, आणि त्याला मुकुट शाखेत प्रवेश मिळतो.

पुढे वेढ्यात सापडलेल्या एका बुरुजावर या दोन अर्थांची परीक्षा होते. पंथाचे नेतृत्व मिळवण्याच्या हव्यासापायी डेरेक आपले नाइट घेऊन शत्रूवर चालून जातो. ग्रंथात बसेल असा देखणा पराक्रम! सैन्य कापले जाते. डेरेक भ्रमिष्ट, मरणोन्मुख अवस्थेत परत पाठवला जातो. स्टर्म मागे राहतो. दुसऱ्या दिवशी तो तटावर एकटा उभा राहून ड्रॅगनांना सामोरा जातो, ते जिंकण्यासाठी नव्हे, तर आतल्या लोकांना थोडा वेळ मिळावा म्हणून. तो मरतो आणि तेवढ्या वेळात लढाईचे पारडे फिरते. ते फिरवणारी लॉराना ही ना नाइट, ना पुरुष, ना मनुष्य. ती एल्फ राजकन्या आहे. पंथाला वाचवले ते प्रवेश नाकारलेल्या एका माणसाने आणि जिला प्रवेशच नव्हता अशा एका स्त्रीने. मापदंडाच्या सदतीस खंडांवर याहून कठोर टीका कोणती?

आणि इभ्रतीचे टोक पाहायचे असेल तर लॉर्ड सॉथ आहे. गुलाब शाखेचा हा श्रेष्ठ नाइट जगावर येऊ घातलेला महाप्रलय टाळण्यासाठी निघालेला असतो. वाटेत त्याच्या पत्नीच्या चारित्र्याविषयी त्याच्या कानात विष ओतले जाते. तो मागे फिरतो. प्रलय होतो. पेटलेल्या किल्ल्यात पत्नी बाळ वाचवण्याची विनवणी करते आणि तो पाठ फिरवतो. जग बुडाले तरी चालेल, पण घराण्याला बट्टा नको! याला अद्भुत म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी आपलेच वर्तमानपत्र उघडावे. मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिचा जीव घेणाऱ्या बापाच्या बातमीवर 'प्रतिष्ठेपायी हत्या' असेच शीर्षक असते. इंग्रजीत तिलाही 'ऑनर' हाच शब्द लागतो. सॉथचा किल्ला क्रिनमध्येच आहे, असे छातीठोकपणे म्हणण्याची आमची तरी तयारी नाही.

एक आक्षेप असा येईल की हे सारे काळे-पांढरे आहे. सज्जनांचे देव एकीकडे, दुर्जनांचे दुसरीकडे. त्याला लेखकांनी स्वतःच उत्तर दिले आहे. १९९५ सालच्या 'ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम' या कादंबरीत दुष्टदेवता टखिसिस हिच्या नाइटांचा पंथ येतो. तो उभारणारा अरियाकान सोलॅम्नियाच्या नाइटांच्या कैदेत राहून त्यांची शिस्त शिकलेला असतो. त्याच्याही पंथात तीन शाखा, शपथ, नियमसंहिता, त्याग आणि शौर्य आहे. दिल्या शब्दाला ते जागतात. इतकेच नव्हे, स्टर्मचा स्वतःचा मुलगा त्याच पंथात वाढतो. म्हणजे इमानसुद्धा पुरेसे नाही. ते कोणाच्या चरणी वाहिले, हाही प्रश्न उरतोच. आमच्या वरच्या मांडणीला येथे मुरड घालावी लागते हे आम्हांला मान्य आहे, आणि जी 'पोरकट' कथा समीक्षकाला आपली मांडणी सुधारायला लावते तिला पोरकट म्हणणे आम्हांला जमणार नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. नाइट आमच्या मातीतले नाहीत, हे खरेच. म्हणून त्यांना फेटा बांधण्याचा खटाटोप कोणी करू नये. परंतु प्रतिज्ञा आणि न्याय यांतील झगडा परका आहे काय? इरावती कर्वे यांनी १९६७ सालच्या 'युगान्त'मध्ये भीष्माच्या प्रतिज्ञेची निर्भीड तपासणी केली, तेव्हा आपण माना डोलावल्या. त्याच तपासणीला स्टर्म आणि डेरेक पात्र ठरत नाहीत, ते केवळ पुठ्ठ्यावर ड्रॅगन छापला आहे म्हणून?

या कादंबऱ्यांचे दोष आम्ही झाकत नाही. गद्य पुष्कळदा सपाट आहे. खेळातून आलेली पात्रे कधी कधी खेळातल्या सोंगट्यांसारखीच हलतात. विनोद जागोजागी ओढूनताणून आणलेला आहे. उत्कृष्ट वाङ्मयाच्या पंक्तीत हे लेखन बसवावे, असा आमचा आग्रह नाही. आग्रह एवढाच की नाकारायचे तर वाचून नाकारावे.

आणि एक शब्द दुसऱ्या बाजूच्या मंडळींसाठीही. सोलॅम्नियाची शपथ कोरलेल्या अंगठ्या घालणारे, सहीखाली ती मिरवणारे भक्त या मालेला आहेत. त्यांना शपथ आठवते, पण ती घेणारा माणूस नाइट नव्हता हे आठवत नाही. शपथ मिरवणे हे डेरेकचे काम. हसणारे समीक्षक आणि भारावलेले भक्त दोघेही पंथाच्या चिलखताकडेच पाहत आहेत. एकाला ते पत्र्याचे वाटते, दुसऱ्याला सोन्याचे. आत कोण आहे, हे पाहण्याची तसदी दोघांनीही घेतलेली नाही.

शेवटी त्या सभागृहाकडे परत जाणे भाग आहे. आमच्या व्यवसायालाही मापदंड आहे: कोणाच्या अध्यक्षतेखाली काय बोलावे, कोणता विषय 'वाङ्मयीन' आणि कोणता नव्हे, कोणाचे नाव घेतले की मान मिळतो. त्याचे खंड छापलेले नाहीत, पण आम्हांला ते तोंडपाठ आहेत. त्या दिवशी विद्यार्थ्याच्या निबंधातील मुद्दा बरोबर आहे हे आम्हां दोघांनाही कळत होते. आम्ही उठलो नाही, कारण उठलो असतो तर हशा आमच्यावर झाला असता. विद्यार्थ्याने शोधनिबंधाचा विषय आता बदलला आहे, असे नुकतेच कळले. त्याच्या निर्णयात आमच्या मौनाचा वाटा आहे. आम्ही त्या दिवशी राखली ती इभ्रत, इमान नव्हे.