ॲप सारखे बंद पडते? घाई नको
हिंगोलीच्या पालकसभेत आम्ही हेच सांगतो: ॲप उघडताच बंद पडू लागले, म्हणून फोन लगेच ‘रिसेट’ करू नका. मरहूम अब्बांचे जपलेले फोटोही पुसले जातील.

मार्च २०२१ मध्ये जगभर अनेक अँड्रॉइड फोनवर जीमेलसारखे ॲप असेच बंद पडत होते. दोष होता ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’चा. गूगलने नवे अपडेट दिले, अडचण सुटली.

म्हणून आधी फोन बंद करून सुरू करा. मग प्ले स्टोअरमधून वेबव्ह्यू आणि क्रोम, दोन्ही अपडेट करा. दुरुस्तीच्या नावाने कुणी लिंक पाठवली, ओटीपी मागितला, तर साफ नकार द्या. घरातल्या बुजुर्गांनाही हे जरूर सांगा.