भिणाऱ्यांच्या बाजूने

काळाचौकीच्या नाक्यावर वाढदिवसाचा फलक लागला की त्यावरचा चेहरा 'निर्भीड' असतोच. त्याची आता सवय झाली आहे. वर्षभर डोकं उठवलं ते दुसऱ्याच वाक्याने. सभा कसलीही असो, कुणीतरी माइक हातात घेऊन सांगतो, "गिरणगावातली जुनी माणसं कुणाच्या बापाला भीत नव्हती!" आणि टाळ्या पडतात.

साफ खोटं. ती माणसं भीत होती, आणि भिण्यासारखं पुष्कळ होतं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, म्हणजे हा संप बेकायदा. नोकरी जाणार हे कुणालाही दिसत होतं. वाण्याची वही, खोलीचं भाडं, पोरांची फी या गोष्टी रात्री झोपू देत नव्हत्या. तरी माणसं वर्षाहून अधिक काळ टिकली, कारण एकाची भीती दहा जणांत वाटली गेली होती. कुणी बायकापोरांना कोकणात धाडलं, कुणाचा भाऊ घाटावरून धान्याचं पोतं घेऊन आला. आणि खाणावळवाल्या! त्यांनी उधारीवर ताटं वाढली. स्वतःची चूल कशी पेटणार याची धास्ती त्यांनाही होतीच. याच बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. संपाच्या इतिहासात सामंतांवर पानंच्या पानं निघतात, या बायकांच्या वाट्याला एखादा परिच्छेद.

संप मोडून कामावर गेलेल्यांना भेकड म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ज्याला गावी गुंठाभर जमीन नव्हती, ज्याच्या घरी दुखणं होतं, तो भीतीपाशी एकटा पडला. एकट्या माणसाकडून पराक्रमाची अपेक्षा करणं फार स्वस्त असतं, विशेषतः ज्याचा पगार चालू आहे त्याला.

आज हा एकटेपणा घरोघर आहे. पुनर्विकासाच्या सभेत हात वर करण्याआधी माणूस शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी मोबाइलमध्ये बघत असतो. त्याच मोबाइलवरून तो सकाळी शिवरायांच्या शौर्याचे संदेश सगळ्यांना पाठवतो.

वर्षाचा आढावा घ्यायचा तर बारा किल्ले जागतिक वारशात गेले, पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घ्यावे लागले. आनंद आहे. पण मला लक्षात राहिला तो जुलैतला आझाद मैदानावरचा गिरणी कामगारांचा मोर्चा. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घर नको, मुंबईत द्या, एवढीच मागणी. नको म्हटलं तर आहे तो हक्कही जाईल, ही धास्ती होती. तरी गुडघे धरत म्हातारी माणसं पावसापाण्याची आली. एकेकटी आली असती का? मला नाही वाटत.

या दिवाळी अंकाचा विषय 'धैर्य' ठेवला तो या सगळ्या चिडीतून. शौर्यकथा मागवल्या नव्हत्या, तरी आल्या, परत पाठवल्या. एका लेखकाने आपल्या इमारतीबद्दल लिहिलं आणि नाव छापू नका म्हणून विनवलं. तो लेख बिननावाचा, पण सर्वात आधी छापला आहे. नाव विचारायला फोन कराल, हे ठाऊक आहे. सांगणार नाही. बाकी गप्पांना आणि फराळाला जरूर या.