मक्याचा दाणा आणि शिकाऱ्याचं इमान

आधी चित्र स्पष्ट करतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एखाद्या रानात तीन पायांवर उभं केलेलं पिंप असतं. पिंपात मका, खाली बॅटरीवर फिरणारी चकती आणि तिला जोडलेला टायमर. पहाटे आणि संध्याकाळी, ठरल्या मिनिटाला चकती फिरते आणि मका चौफेर उधळला जातो. आठवडेच्या आठवडे हे चालतं. हरणांना ती वेळ पाठ होते. समोर, बंदुकीच्या टप्प्यात, एक बंदिस्त खोपटं असतं. आत खुर्ची, खिडकीला बंदूक टेकवायची सोय. मोसम सुरू झाला की शिकारी येऊन बसतो. चकती फिरते, हरणं येतात, माना खाली घालतात, गोळी सुटते. मग शिंगं धरून फोटो.

टेक्सासमध्ये हे कायदेशीर आहे. तरीही माझं म्हणणं असं, की याला शिकार म्हणू नये. हा दगा आहे, आणि दग्याला दगाच म्हटलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला तिकडच्या हरणांचं काय पडलंय? दोन कारणं सांगतो. पहिलं असं, की आमच्या शाळांतून शिकलेली मुलं आज तिकडे नोकरीला आहेत. त्यातलीच एक-दोन मला विचारतात, "सर, मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला गेलो, बिस्मिल्लाह म्हणून गोळी झाडली, तर चालेल ना?" दुसरं कारण, त्यातली काही हरणं आपलीच आहेत. चितळ आणि काळवीट 1930च्या दशकात हिंदुस्थानातून टेक्सासच्या खासगी रानांत नेऊन सोडले गेले. ज्या काळविटासाठी आपण कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं अभयारण्य राखलं, तोच तिकडे परका प्राणी ठरतो. त्याला बंद मोसम नाही, संख्येची मर्यादा नाही. लायसन्स आणि रानमालकाची परवानगी असली की वर्षभरात केव्हाही त्याच्यावर बार काढता येतो.

उर्दूत 'दाना' आणि 'दाम' हे शब्द जोडीनं येतात. दाना म्हणजे दाणा, दाम म्हणजे जाळं. आपल्या मराठीतही 'आमिष' म्हणजे मांसही आणि लालूचही. म्हणजे आपल्या भाषांना हे जुनं माहीत आहे, की दाखवलेला घास आणि लपवलेला फास एकाच हाताचे असतात. शिकारीत प्राण्याकडे त्याची हत्यारं असतात. नाक, कान, पाय आणि भीती. माणसाकडे बंदूक असते. सामना बरोबरीचा नाहीच, पण निदान प्राण्याची सावधगिरी जागी असते. मका टाकणारा नेमकी तीच हत्यारं काढून घेतो. तो आधी भूक वापरून भीती मारतो आणि मग जनावर मारतो.

गंमत अशी, की हे अमेरिकेलाही समजतं. रानबदकांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांसाठी धान्य टाकून शिकार करायला तिथे 1935पासून देशभर बंदी आहे. नियम इतका कडक, की सगळं धान्य उचलून नेलं तरी पुढचे दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते. बदकाच्या बाबतीत जो अन्याय, तो हरणाच्या बाबतीत न्याय कसा? स्थलांतरी पक्षी केंद्राच्या कायद्याखाली येतात आणि हरणं राज्याच्या, एवढाच फरक. हा कारभाराचा फरक झाला, नीतीचा नव्हे.

शिकाऱ्यांची स्वतःची रीतही पाहा. थिओडोर रूझवेल्ट हा अट्टल शिकारी. त्यानं 1887मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला, आणि सावजाला निसटायची खरी संधी हवी ही त्या क्लबची मूळ शिकवण. 1902मध्ये मिसिसिपीत त्याच्यासाठी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं गेलं. त्यानं गोळी घालायला नकार दिला. अस्वल जखमी होतं म्हणून त्याचे हाल संपवायला सांगितलं, पण ते आपल्या खात्यावर घेतलं नाही. 'टेडी बेअर' हे खेळणं त्याच प्रसंगातून आलं. आता मला सांगा, दोरानं बांधलेलं अस्वल आणि टायमरनं बांधलेलं हरीण यांत फरक किती? दोर दिसतो, सवय दिसत नाही, एवढाच.

ज्यांना नीतीच्या गोष्टी पटत नाहीत त्यांच्यासाठी रोगाची गोष्ट. अमेरिकेतल्या हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' नावाचा रोग आहे. मेंदू पोखरला जातो, जनावर खंगून मरतं. औषध नाही, लस नाही. लाळ, मूत्र, लेंड्या यांतून तो पसरतो आणि त्याचं बीज मातीत वर्षानुवर्षं टिकतं. 1967मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा लक्षात आला, 2002मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला, 2012मध्ये टेक्सासमध्ये. रानात हरणं विखरून चरतात. मक्याच्या ढिगावर दहा तोंडं एका जागी येतात, रोज, त्याच मातीत. रोगाला याहून सोयीचं काय हवं? मिशिगनमध्ये 1990च्या दशकात हरणांत गुरांचा क्षय पसरला, तिथून तो शेतकऱ्यांच्या गोठ्यात शिरला. त्यातही हरणांना ढिगानं खाऊ घालण्याचा मोठा वाटा होता. त्या राज्यानं 2008मध्ये दक्षिणेकडच्या मोठ्या भागात आमिषावर बंदी घातली, 2011मध्ये बरीचशी उठवली आणि 2019मध्ये पुन्हा घातली. म्हणजे शहाणपण सुचतं, पण मक्याच्या बाजूनं आवाज उठला की टिकत नाही.

शिवाय मका हा हरणाचा नेहमीचा आहार नव्हे. हिवाळ्यात काटक्या-पाला खाणाऱ्या हरणानं एकदम पोटभर मका खाल्ला, तर पोटात आम्ल वाढतं आणि ते भरल्या पोटानं मरतं. आपल्याकडे शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा. ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलेली शेळी दुसऱ्या दिवशी का उठत नाही, ते तो सांगेल.

आता मका टाकणाऱ्यांची बाजू. तीन मुद्दे असतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा, हरीण जवळ, स्थिर उभं असेल तर एका गोळीत मरतं, तडफडत नाही. खरं आहे. पण ही दयेची गोष्ट असेल तर तिला खेळ म्हणू नका आणि भिंतीवर शिंगं टांगू नका. शांत उभ्या जनावराला मारण्यात कसलं शौर्य मिरवायचं? आणि नेम चांगला हवा असेल तर सराव करावा, खात्री नसेल तर गोळी झाडू नये. त्याला मका लागत नाही, संयम लागतो.

दुसरा मुद्दा, हरणं फार झाली आहेत, पिकं खातात, गाड्यांवर आदळतात, कमी करायलाच हवीत. मान्य. वाघ-लांडगे मारून टाकले की हे ओढवतंच. पण मग संख्या घटवण्याचं काम वनखात्याचं काम म्हणून व्हावं, हिशेबानं व्हावं. एका हातानं पोत्यानं मका ओतून हरणं पोसायची आणि दुसऱ्या हातानं 'फार झाली हो' म्हणायचं, हा कुठला न्याय?

तिसरा मुद्दा मला उद्देशून असतो. "तुम्ही मटण खाता, कुर्बानी देता. बोकडालाही हातानं मकाच खाऊ घालता आणि मग कापता. मग तुमचा बोकड आणि आमचं हरीण यांत काय फरक?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की बोकडाला घास देणारा त्याच्या भुकेची, तहानेची, आजारपणाची, सावलीची जबाबदारी घेतो. ते जनावर त्याच्या अमानतीत असतं. कापतानाही अटी आहेत. सुरी धारदार हवी, जनावरासमोर पाजळायची नाही, एकासमोर दुसरं कापायचं नाही. मका टाकणाऱ्या शिकाऱ्याला पाळीवपणाचा फायदा हवा, जबाबदारी नको. जनावर माणसाळल्यासारखं वागावं पण फोटोत रानटी दिसावं, अशी त्याची इच्छा. एक तर ते रानाचं आहे, मग त्याची सावधगिरी त्याच्यापाशी राहू द्या. किंवा ते तुमचं आहे, मग पाळणाऱ्याची सगळी कर्तव्यं उचला. दोन्हीकडचं तेवढं सोयीचं घेणं म्हणजे बेइमानी.

आणि बिस्मिल्लाहचं विचारणाऱ्या मुलांसाठी. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. मांस हलाल होण्याच्या अटी वेगळ्या, तो प्रश्न उलमांचा. पण सूरह माइदाची 94वी आयत काढून वाचा. इहरामच्या अवस्थेत शिकार मना असताना, सावज हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येईल आणि ती तुमची परीक्षा असेल, असा तिचा आशय आहे. प्रसंग यात्रेचा आहे, नियम त्या अवस्थेचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यातला धडा मोठा आहे. सावज हाताशी आलं म्हणजे ते तुमचं झालं असं नाही. सहज मिळतंय तिथेच माणसाची कसोटी लागते. मग जो सावज हाताशी येण्याचा कारखानाच उभारतो, त्यानं परीक्षा कोणती दिली?

आपणही फार ताठ मानेनं बोलू नये. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात सापळा, फास यांच्याबरोबर आमिषही येतं. परवान्यानं शिकार होत असे तेव्हाही याच कायद्यात खारवटीवर आणि पाणवठ्यावर सावज मारायला मनाई होती. भुकेल्या-तहानेल्याला त्याच्या गरजेच्या जागी गाठू नये, हे आपल्या कायद्यानं ओळखलं होतं. तरी 2020मध्ये केरळात एक गाभण हत्तीण फळात भरलेल्या स्फोटकानं जबडा फुटून मेली. असली फळं रानडुकरांसाठी ठेवली जातात. आमिष कुणाच्या तोंडात जाईल हे आमिष ठेवणाऱ्याच्या हाती उरत नाही.

म्हणून तिकडच्या माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो. मित्र बोलावतील, पिंप मक्यानं भरलेलं असेल, कायदा हो म्हणत असेल. तरी त्या खोपटात बसू नका. शिकार करायचीच असेल तर पायानं रान तुडवा, माग काढा, रिकाम्या हातानं परत यायची तयारी ठेवा. मांस हवं असेल तर खाटकाकडे जा, तिथे निदान कुणी खेळाचं सोंग आणत नाही. घास देणाऱ्या हातावर मुक्या जनावराचा जो विश्वास बसतो, तो सावज नव्हे. त्यावर बंदूक रोखण्याचा परवाना कोणतंही राज्य देऊ शकत नाही.