सेवेचा लांब रस्ता: १९८५ची भारत जोडो यात्रा

बाबा आमटे यांची पहिली भारत जोडो यात्रा डिसेंबर १९८५मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाली. पस्तिशीच्या आतले शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पल्ला सुमारे पाच हजार किलोमीटरचा होता. बाबांनी त्याच महिन्यात ७१ वर्षे पूर्ण केली. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसणे जमत नसे, एक तर उभे राहायचे नाही तर आडवे व्हायचे. त्यामुळे सायकलस्वारांसोबतच्या गाडीत आडवे पडूनच त्यांनी हा प्रवास केला.

यात्रेला तेव्हाच्या परिस्थितीची पार्श्वभूमी होती. १९८४मध्ये सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई, पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या आणि शीखविरोधी हिंसाचार यांनी देश हादरला होता. पंजाब धुमसत होता. माणसे एकमेकांच्या दारी गेली तरच तुटलेली मने जुळतील, अशी बाबांची श्रद्धा होती. हात निर्मितीसाठी आहेत, मागण्यासाठी किंवा मारण्यासाठी नाहीत, हा यात्रेचा घोष होता.

भारत जोडोकडे वाटण्यासारखे सामान नव्हते. भाषा, धर्म आणि प्रांत ओलांडून होणारी भेट हेच तिचे देणे होते. सायकल गरिबाला परवडणारी, आणि तिच्यावरून जाणारा माणूस गावात सहज थांबतो, बोलतो. म्हणूनच ती या कामाला साजेशी ठरली.

अशा प्रवासामागे अनेक वर्षांची तयारी असते. बाबांनी १९४९मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले आणि कुष्ठरुग्णांच्या हाताला काम व मनाला मान दिला. पुढे मूल तालुक्यातील सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. उन्हाळ्यात घाम गाळून एकत्र राहण्याची सवय तिथे लागत होती. १९८८मध्ये दुसरी यात्रा निघाली, ती अरुणाचलातील इटानगरहून गुजरातमधील ओखाकडे. या वेळी देश पूर्व-पश्चिम जोडायचा होता.

एका यात्रेने दंगली थांबत नाहीत, आणि तिचा तसा दावाही नव्हता. पण परक्या प्रांतातल्या माणसाच्या घरी जेवलेला तरुण त्या प्रांताकडे संशयाने पाहत नाही. सेवायात्रेचे मोल किलोमीटरवर ठरत नाही. घरी परतल्यावर प्रवासी काय करतो, यावर ते ठरते.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरीला बाबांचे कुष्ठसेवेचे काम दूरचे नाही. हा भाग गडचिरोलीच्या सीमेवर आहे आणि पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आढळतो. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स पूर्ण केल्यास रोग बरा होतो आणि लवकर उपचार झाल्यास हातापायांची विकृती टळते. धानाची कापणी-मळणी आटोपली की केशोरीच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी सायकली काढाव्यात, आरोग्यसेवक आणि आशाताईंना सोबत घ्यावे आणि आजूबाजूच्या टोल्यांपर्यंत ही माहिती न्यावी. भारत जोडोचे खरे स्मरण तेच ठरेल.