उपवास आणि उपासमार

आज आषाढी एकादशी. नागनाथाच्या मोहोळातून पंढरीकडे जाणाऱ्या वाटेवर आज एकच नामघोष आहे. आणि ज्यांना वारी घडली नाही, त्यांनी घरच्या देव्हाऱ्यापुढे उपवासाचा संकल्प सोडला आहे. हा उपवास म्हणजे आपण होऊन पत्करलेली भूक. परंतु याच तालुक्यात पहाटे खुरपणीला जाणाऱ्या माउलीचे लेकरू कोऱ्या चहावर शाळेत येऊन बसते, त्याने कोणता संकल्प सोडलेला असतो? उपवासाला द्वादशी असते. उपासमारीला द्वादशी नसते.

मोहोळपासून भीमा ओलांडली की मंगळवेढे लागते. तेथील संत दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरांत भक्तिभावाने सांगितली जाते. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे अन्नान्न करीत असता त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे रयतेसाठी खुली केली, स्वतःची मान धोक्यात घातली, आणि अखेर विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंगानेच ते देणे फेडले. भुकेल्याच्या पानात पडलेल्या धान्याचा हिशेब भगवंताने आपला मानला, हे या कथेचे मर्म आहे.

विद्यार्थ्याला जेवू घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्मच मानले गेले. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून कित्येक पिढ्या शिकल्या. त्या गृहिणींचे ऋण मोठे. तथापि तो घास घरधन्याच्या मर्जीवर आणि बहुधा जातीवर अवलंबून असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत बसली. आणि त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. दया तेथे धर्म झाली.

तोच धर्म आज कायद्याच्या रूपाने उभा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली. प्रारंभी आपल्या राज्यात हजेरी पाहून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. तो घरातल्या सर्वांच्या तोंडी लागे, हे ओघानेच आले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या प्रत्येक बालकाला शाळेच्या दिवशी दुपारचे भोजन विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, की कोणापुढे हात पसरावा लागत नाही. दामाजीपंतांना कोठार उघडण्यासाठी प्राण पणाला लावावे लागले. आज कोठार उघडेच आहे. उणीव आहे ती लेकराचे बोट धरून त्याला दारापर्यंत नेणाऱ्याची.

मोहोळ तालुका उसाचाही आहे आणि अवर्षणाचाही. दिवाळीच्या सुमारास फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात आणि ऊसतोड्यांची मुले गावची शाळा मागे टाकून येतात. ‘आमचा दाखला गावाकडे राहिला,’ या समजुतीने आईबाप गप्प बसतात. वस्तुतः १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये दाखल्याच्या वा वयाच्या पुराव्याच्या अभावी प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यावरही नाही. ते मूल जवळच्या शाळेच्या पटावर आले की पंगतीतही आले. एवढे त्या आईबापांना कोपीपर्यंत जाऊन समजावून सांगणे, हे तीर्थाटनाहून उणे आहे काय?

अन्न एखाद्या दिवशी शिजलेच नाही, तर धान्य व शिजवण्याचा खर्च यांच्या रूपाने भत्ता द्यावा, असे २०१५ चे नियम सांगतात. दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही भोजन द्यावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ मधील आदेश आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. त्यांनी विचारले तर या तरतुदी सजीव होतील; न विचारल्यास कागदावर राहतील.

कोणी म्हणेल, सरकार जेवू घालते, मग आमच्या अन्नदानाला वाव कोठे उरला? वाव पुष्कळ आहे. आठवीची परीक्षा संपली की या योजनेची पंगतही संपते, भूक मात्र नववीतही बरोबर येते. सणावारी वा वाढदिवशी शाळेतील मुलांना गोडधोड जेवू घालण्याची तिथीभोजनाची प्रथाही योजनेतच सामावलेली आहे. मात्र ते पान रोजच्या भोजनाला जोड म्हणून पडावे, त्याऐवजी नव्हे. आणि वाढताना देणाऱ्याचे नाव मोठे व घेणाऱ्याची मान खाली, असे होऊ नये.

उद्या द्वादशी. पारणे फेडण्यापूर्वी दारी आलेल्या अतिथीची वाट पाहण्याची आपली रीत आहे. यंदा तो अतिथी कदाचित दाराशी येणार नाही. तो शाळेच्या कुंपणाबाहेर, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभा असेल. त्याला आत न्यावे, पटावर त्याचे नाव घालावे, आणि मग आपण पहिला घास घ्यावा. पांडुरंगाला तेच पारणे अधिक रुचेल.