आपले बदक कोणते?

बदकाचे चित्र काढा म्हटले की तुमच्यापैकी बरेच जण हिरवे डोके, गळ्यात पांढरे कडे आणि पिवळी चोच रंगवतात. हा झाला मॅलार्ड जातीचा नर. तो उत्तरेकडचा पाहुणा. आपल्या गोदाकाठी क्वचितच येणारा. त्याला पाठ्यपुस्तकात मानाचे पान का, हे मला कधी उमगले नाही.

पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. तेथे जाल तेव्हा संथ पाण्याकडेही नजर टाका. अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी असलेले बदक दिसले, तर त्याची चोच पाहा. चोच काळी, टोकाला पिवळी आणि बुडाशी, कपाळालगत, दोन लाल ठिपके. म्हणून हा हळदी-कुंकू! हे नाव ठेवणाऱ्या अनाम माणसाची नजर शास्त्रज्ञाचीच म्हटली पाहिजे.

दोघेही अ‍ॅनस याच वंशातले, लांबीला साधारण ६० सेंटिमीटर. मॅलार्डच्या पंखावरचा चकचकीत पट्टा निळा-जांभळा, हळदी-कुंकूचा हिरवा. पण खरी गंमत पुढेच आहे. मॅलार्डची मादी साधी तपकिरी असते आणि विणीनंतर पिसे झडली की ऐटबाज नरही काही काळ जवळजवळ तिच्यासारखाच दिसतो. हळदी-कुंकूचे नर-मादी मात्र बाराही महिने सारखेच. एकाच प्रदेशात कायम राहणाऱ्या मॅलार्डच्या इतरही काही भाऊबंदांत असेच आढळते.

नाते इतके जवळचे, की अशा जातींचा आपसांत संकर होतो आणि ती पिल्लेही प्रजननक्षम असतात. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी मॅलार्ड आणून सोडले. आज तेथील देशी करडे बदक शुद्ध रूपात सापडणे कठीण झाले आहे. आपल्याकडची पाळीव बदके, एक मस्कोव्ही सोडली तर, मॅलार्डचीच वंशज. तेव्हा हौस फिटली म्हणून घरची बदके नदीत किंवा तळ्यात सोडून देणे मला भूतदया वाटत नाही. ‘चार बदकांनी काय होते?’ असे कोणी म्हणेल. न्यूझीलंडलाही सुरुवात थोड्याच पक्ष्यांनी झाली होती.

शिक्षकांनी फळ्यावर पहिले बदक हळदी-कुंकू काढावे. वर्गाची सहल याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या नांदूरमध्यमेश्वरला नेता आली तर उत्तमच. तेथे दुर्बीण थेट चोचीवर लावा: नराचे कुंकू ठळक, मादीचे फिकट असते.